झोक सावरायची तालीम: म्हातारपणी पडणं कसं टाळता येतं

सत्तरीवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागं वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार देणारी आयुष्मान कार्डाची सोय २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. तेव्हापासून लातूर भागातल्या खेड्यांत गेलं की एक प्रश्न हमखास येतो, "बाई, ह्यात खुब्याचा बॉल बसतो का?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हाडं जुळल्यावर माणसाला परत उभं करणं हे माझं काम. 'बॉल' म्हणजे मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक, हे आता गावोगावी माहीत झालंय, कारण प्रत्येक गल्लीत एक तरी म्हातारं माणूस न्हाणीत घसरून तिथंच मोडलेलं असतं. हाडांची ऑपरेशनं कार्डात बसतात आणि त्यामुळं कितीतरी घरांतलं एखादं एकर विकायचं वाचलं. ही फार मोठी गोष्ट आहे.

पण ऑपरेशन नीट झालं म्हणजे माणूस पहिल्यासारखा झाला असं होत नाही. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास पाहिले तर खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला एक, काही ठिकाणी तीनातला एक, वर्षभरात जातो. जे राहतात त्यांतले पुष्कळ जण पुन्हा आधाराशिवाय चालू शकत नाहीत. म्हणून कार्ड काढायला आलेल्या म्हाताऱ्यांना मी बॉलच्या आधीची गोष्ट सांगत बसते. ती अशी, की तोल सांभाळणं ही शिकायची आणि कमवायची गोष्ट आहे. ती सत्तरीतही कमवता येते, ऐंशीतही.

## "पडायचं असंल तर पडणारच"

हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकते. पडणं नशिबावर टाकलं की विषय संपतो. पण ६५ वर्षांवरच्या साधारण तीन माणसांतलं एक दरवर्षी निदान एकदा पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६,८४,००० माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंत रस्ते-अपघातांच्या खालोखाल पडण्याचा नंबर लागतो, आणि ह्यातले ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात.

मराठवाड्यात ह्याला आणखी एक बाजू आहे. बीड जिल्ह्यातले आणि आजूबाजूचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. तेवढे महिने वाड्या-तांड्यांवर मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्यावर सोपवलेली नातवंडं. बाकी घरांतली पोरं पुण्यात, संभाजीनगरात. म्हणजे ज्यानं पडायला नको तोच माणूस घरात एकटा असतो. पडल्यावर उचलायला कोणी नसतं, म्हणून न पडण्याची किंमत आपल्याकडं शहरापेक्षा जास्त आहे.

## उभं राहायला तिघांची साक्ष लागते

आपण नुसते उभे असतो तेव्हाही शरीर बारीक बारीक डुलत असतं. पुढं झुकलं की पोटऱ्या ओढून धरतात, मागं गेलं की नडगीपुढचे स्नायू ओढतात. हे अखंड चालू असतं, आपल्याला कळत नाही इतकंच. आपण किती झुकलोय हे मेंदूला कळवायला तीन साक्षीदार आहेत.

पहिले डोळे. दुसरा आतला कान. गवंडी भिंत बांधताना पाणसळ लावून बघतो ना, बुडबुडा मधोमध आहे का ते? आतल्या कानात तसाच द्रव असतो आणि मान कलली, वळली की त्याच्या हालचालीवरून मेंदूला कळतं. तिसरी साक्ष पायांची: तळव्याची कातडी, घोटा आणि गुडघा सांगतात की खाली फरशी आहे का ढेकूळ.

तरुणपणी तिघंही चोख असतात. एक गप्प बसला तरी दोघं निभावून नेतात, म्हणून अंधारात आपण चालू शकतो. वय झालं की मोतीबिंदूनं पहिला साक्षीदार धूसर होतो, आतल्या कानातला दुसरा मंदावतो, आणि साखरेचा आजार असेल तर तळवे बधिर होऊन तिसराही खोटं बोलायला लागतो. आता रात्रीची लाईट गेलेली, म्हातारा बाजेवरून उठला, मोरीकडं निघाला. डोळ्यांची साक्ष संपली, पायांची आधीच कच्ची. उरला एकटा कान.

## ठेच लागते त्या निमिषात

साक्ष बरोबर मिळाली तरी पुढं काम स्नायूंनी करायचं असतं. उंबऱ्याला पाय अडखळला तर दुसरा पाय झटकन पुढं टाकावा लागतो. एका सेकंदाच्याही आतलं काम आहे हे. पडणारा आणि सावरणारा ह्यांच्यातला फरक बऱ्याचदा तेवढाच असतो.

इथं ताकद आणि झटका वेगळे आहेत हे समजून घ्यावं लागतं. विहिरीवरची मोटार लो व्होल्टेजला गुं गुं करते, फिरते सुद्धा, पण पाणी फेकत नाही. म्हातारपणी पायांचं तसंच होतं. आपल्या स्नायूंत सावकाश पण बराच वेळ काम करणारे तंतू असतात आणि क्षणात जोर लावणारे तंतू असतात. वयाबरोबर जास्त झिजतात ते क्षणात जोर लावणारे. तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायूंचा साधारण ३ ते ८ टक्के भाग कमी होतो आणि साठीनंतर वेग वाढतो. डॉक्टर ह्याला सार्कोपेनिया म्हणतात. शब्द इथंच सोडून देऊ. त्यामुळं पन्नास पावलं शांतपणे चालणारी आजी एका ठेचेला मात्र उभीच्या उभी जाते. चालण्याचे तंतू शाबूत असतात, सावरण्याचे गेलेले असतात.

आता ह्यातलं काय परत मिळवता येतं? मोतीबिंदू डॉक्टर काढतील. कानाचं वय कमी करता येत नाही. पण स्नायूंची ताकद, त्यांचा झटका, आणि तिघांच्या साक्षीवरून वेळेवर हुकूम सोडण्याची मेंदूची सवय, ह्या तिन्ही गोष्टी सरावानं सुधारतात.

## व्यायामानं किती फरक पडतो

ह्यावर जगात झालेल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ साली कोक्रेन ह्या संस्थेनं प्रसिद्ध केला. १०८ अभ्यास, २३,४०७ वृद्ध माणसं, सरासरी वय ७६, चारातल्या तीन बायका. प्रत्येक अभ्यासात चिठ्ठ्या टाकाव्यात तसे माणसांचे गट पाडलेले. एकाला व्यायाम, दुसऱ्याला तो नाही, आणि मग कोण किती वेळा पडतं ते महिनोन्‌महिने मोजलेलं. चिठ्ठ्या का, तर धडधाकट माणसं आपणहून व्यायामाच्या गटात गेली आणि श्रेय व्यायामाला मिळालं असं होऊ नये म्हणून.

निष्कर्ष असा की व्यायामानं पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होतं. टक्के डोळ्यांपुढं येत नाहीत, म्हणून असं बघा: एका मोठ्या गावात १,००० म्हातारी माणसं आहेत आणि ती वर्षात मिळून ८५० वेळा पडतात. सगळ्यांनी हा व्यायाम केला तर पडणं साधारण ६५५ वेळांवर येईल. १९५ वेळा कोणीतरी पडता पडता वाचेल. तोलाच्या व्यायामाला पायांच्या ताकदीची जोड दिली तेव्हा घट ३४ टक्क्यांपर्यंत गेली.

हे अभ्यास बहुतेक श्रीमंत देशांतले आहेत, हे मी लपवणार नाही. तिथले रस्ते, घरं, खाणं वेगळं. पण पोटरीचा स्नायू लातुरात आणि लंडनमध्ये एकाच पद्धतीनं वाढतो.

## "मी रोज मारुतीच्या देवळापर्यंत चालते की"

चाला, जरूर चाला. हृदयाला, साखरेला, मनाला चालणं चांगलंच. पण पडणं टाळायला नुसतं चालणं पुरतं असा भरवशाचा पुरावा नाही. ब्रिटनमध्ये हात मोडलेल्या काही बायकांना झपाझप चालायला सांगितलं होतं, तर त्यांचं पडणं उलट वाढलं. तोल पक्का नसताना वेग वाढवला तर दुसरं काय होणार?

सपाट रस्त्यावर, ओळखीच्या वाटेनं, एकाच चालीत चालताना मेंदूला नवं काही करावं लागत नाही. तोल शिकतो तो थोडासा बिघडला तरच. सायकल शिकताना मागं धरलेला भाऊ कधीतरी हात सोडतो, तेव्हाच सायकल येते. तोलाच्या व्यायामाचा गाभा एवढाच आहे: जवळ पक्का आधार ठेवून, स्वतःला जाणूनबुजून थोडं अवघड उभं करायचं, आणि ते सोपं वाटायला लागलं की आणखी थोडं अवघड.

मला नेहमी वाटतं, आपल्या वारकऱ्यांची पावली ह्याच जातीची आहे. एक पाय पुढं, अंगाचा भार त्यावर, मग मागं, मग बाजूला, टाळाच्या ठेक्यावर. नाथषष्ठीला पैठणला निघालेल्या दिंडीत सत्तरीतले माळकरी पावली खेळताना बघा. भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश न्यायचा आणि मधे डगमगायचं नाही, हेच तर चीनमधल्या ताई ची ह्या व्यायामात असतं, आणि त्याच कोक्रेन आढाव्यात ताई चीनं पडण्याचं प्रमाण साधारण १९ टक्क्यांनी उतरलेलं दिसतं.

## घरातली तालीम

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात ऐंशीच्या आसपासच्या माणसांसाठी एक साधा क्रम बसवला. घरीच करायचा, आठवड्यातून तीन दिवस, अर्धा अर्धा तास, आणि वर दोन दिवस चालणं. त्यानं पडणं साधारण एक तृतीयांशानं कमी झालं. मी जे शिकवते ते त्याच वळणाचं आहे, फक्त आपल्या घरांना साजेसं केलंय.

आधी परीक्षा. हातांची नसलेली, नेहमीच्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. शहाबादी फरशीवर प्लास्टिकची खुर्ची सरकते, म्हणून भिंत हवीच. दोन्ही हात छातीवर बांधा आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते घरातल्या कोणीतरी मोजा. ७० ते ७४ वयाच्या बाईचे १० पेक्षा कमी किंवा पुरुषाचे १२ पेक्षा कमी भरले, तर पाय कमजोर आहेत आणि पडण्याचा धोका आहे. दुसरी परीक्षा खिडकीपाशी: एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला चिकटवून, एका रेषेत, गज न धरता दहा सेकंद उभं राहता येतं का? नसेल तर तोल कच्चा आहे.

माझ्या आत्याचे खुर्चीवरचे आकडे पहिल्यांदा मोजले तेव्हा सहा आले. वय ७३. साठीपर्यंत रोज खुरपायला जाणारी बाई. तिचा विश्वासच बसेना, "खुर्ची बारकी आहे" म्हणाली. आम्ही खुर्चीवरच एक घडी केलेली वाकळ ठेवली, म्हणजे बसायची जागा उंच झाली, आणि तिथून सुरुवात केली. उठताना झपकन, बसताना सावकाश, मनात चार आकडे मोजत. सावकाश बसणं हाच खरा व्यायाम आहे. धप्पकन बसलं की मांडीला काहीच काम उरत नाही. दहा वेळा, थोडा दम, परत दहा. वाकळ तीन आठवड्यांनी काढली.

मग खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून टाचा उचलायच्या, चवड्यांवर उभं राहायचं, सावकाश खाली यायचं. नंतर उलट: टाचांवर भार देऊन चवडे उचलायचे. हे दुसरं लोक वगळतात, पण उंबऱ्याला पाय अडतो तो नेमका चवडा पुरेसा न उचलल्यानं. त्यानंतर एक पाय सरळ ठेवून बाजूला उचलायचा. कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू ह्यानं पक्के होतात, आणि प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर असतो तेव्हा कंबर सावरतात ते हेच. सोपं वाटायला लागलं की घोट्याला ज्वारीची अर्ध्या किलोची पुरचुंडी बांधा. ओटागोवाले वजनाचे पट्टे वापरतात. ज्वारीला वजन तेवढंच.

तोलाचा भाग शेवटी, पण जीव त्यातच आहे. ओट्याची कड धरून टाचेला अंगठा लावत रेषेवर चालणं. बाजूला चालणं. उलटं चालणं. एका पायावर उभं राहणं. आधाराची पायरी उतरत जायची: दोन हात, एक हात, दोन बोटं, मग हात कडेपासून वीतभर लांब. ज्या दिवशी थोडी डगमग होते त्या दिवशी व्यायाम बरोबर चाललाय असं समजा. अजिबात डगमग होत नसेल तर ते सोपं झालंय, आणि पडायचीच भीती वाटत असेल तर फार अवघड आहे. दोन्हींच्या मधली जागा शोधायची.

वेळ काढणं जमत नसेल त्यांना ऑस्ट्रेलियातली एक युक्ती सांगते. तिथं व्यायाम रोजच्या कामांत मुरवला. २०१२ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात अशा लोकांचं पडणं ३१ टक्के कमी झालं. आपल्याकडं काय करता येईल? चहा उकळेपर्यंत ओट्यापाशी एका पायावर. देवाला नमस्कार करून उठताना हात न टेकता. डबा वरच्या फळीवरून काढताना चवड्यांवर. आत्या फोनवर लेकीशी बोलते तेवढा वेळ टाचा उचलत असते, आणि त्या दोघींचं बोलणं काही लवकर संपत नाही.

उन्हाळ्यात हे सगळं सकाळी उरका. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन आणि कमी पाणी पिणं, दोन्ही मिळून भोवळ आणतात. टँकरच्या दिवसांत म्हाताऱ्या बाया मुद्दाम कमी पाणी पितात, लघवीला जायला नको म्हणून. असं करू नका.

## "आयुष्यभर राबलो, आता व्यायाम?"

राबलात, त्याचा फायदा झालाच आहे. पण स्नायू म्हणजे बँकेतली ठेव नाही की विसाव्या वर्षी टाकलेलं सत्तरीत व्याजासकट मिळेल. ते दर महिन्याच्या मजुरीसारखे आहेत. काम थांबलं की काही आठवड्यांतच ओसरायला लागतात. जे अजूनही उकिडवं बसून, हात न लावता उठतात त्यांनी ती सवय मुळीच मोडू नये. लाखमोलाची आहे ती.

आणि उशीर झाला म्हणाल, तर १९९० सालचं अमेरिकेतलं एक काम ऐका. बोस्टनमधल्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा माणसांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा कसून व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला, आणि त्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. नव्वदीत!

## गुडघे, सलाईन आणि गोळ्या

गुडघे दुखतात म्हणून व्यायाम बंद करणारे पुष्कळ. खरं तर गुडघ्याच्या झिजेवर जगभर पहिला उपाय म्हणून मांडीचे स्नायू मजबूत करणंच सांगतात, कारण सांध्यावरचा भार तेच वाटून घेतात. थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत शमलं तर चालतं. सूज आली, रात्रभर ठणकलं, तर खुर्ची उंच करा, संख्या कमी करा, आणि दाखवून घ्या.

"कमजोरी आलीय, दोन सलाईन लावा" हे आपल्या भागात इतकं रुजलंय की मला त्याबद्दल स्पष्ट बोलावंच लागतं. साध्या सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे अर्ध्या भाकरीइतकी शक्ती. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तेव्हा सलाईन जीव वाचवतं. पायाचा स्नायू मात्र त्यातून येत नाही. त्या पैशांत महिनाभराची तूरडाळ, शेंगदाणे आणि अंडी येतात, आणि स्नायू बांधायला प्रथिनं लागतात ती त्यांतूनच मिळतात. ताटात भाकरी आणि नुसता ठेचा असेल तर व्यायामाचं चीज होत नाही.

ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचंही तसंच. ज्यांच्यात कमतरता आहे किंवा हाडं ठिसूळ आहेत त्यांना डॉक्टर देतील ते घ्यावंच. पण धडधाकट फिरत्या वृद्धांना सरसकट ही गोळी दिल्यानं पडणं कमी होत नाही, असं मोठ्या अभ्यासांनंतर दिसलंय.

## व्यायाम करतानाच पडले तर?

रास्त शंका आहे. अभ्यासांत व्यायामामुळं झालेल्या इजा थोड्या आणि बहुतेक किरकोळ होत्या: अंग दुखणं, आखडणं. पण आधाराचा नियम मोडायचा नाही. गज, ओटा, भिंत हे आधार. बाज, स्टूल, दाराची कडी हे नव्हेत. पायात झिजलेली स्लिपर नको. नऊवारीचा ओचा वर खोचून घ्या.

ज्यांनी एकट्यानं सुरू करू नये अशीही माणसं आहेत. वर्षात दोनदा पडलेले, लकवा किंवा कंपवात झालेले, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येणारे, चालताना छातीत दुखणारे, नुकतंच ऑपरेशन झालेले. ह्यांनी आधी डॉक्टरांना भेटावं आणि फिजिओथेरपिस्टसमोर शिकावं. सरकारी मेडिकल कॉलेज नांदेड, लातूर, अंबाजोगाई, संभाजीनगर अशा ठिकाणी आहे. तिथं जाल तेव्हा "पडू नये म्हणून व्यायाम शिकवा" असं नेमकं सांगा. नुसतं "पाय दुखतात" सांगितलं तर मलम घेऊन परत याल.

आणि डॉक्टरांपुढं सगळ्या गोळ्यांची पिशवी पालथी करा. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्यांचा जादा डोस, एकाच औषधाच्या दोन नावांच्या गोळ्या, ह्यांनी पुष्कळ माणसं पडतात. तिथं कितीही टाचा उचलल्या तरी उपयोग नाही. मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका. न्हाणीतलं शेवाळ घासा, भिंतीला एक दांडी ठोकून घ्या, उंबऱ्यावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढा, उशाशी बॅटरी ठेवा. माळवदाच्या जुन्या घरांत भरदुपारीही आत अंधार असतो, तिथं तर जास्तच.

## भीतीचं काय करायचं

एकदा पडलेलं माणूस परत पडायच्या भीतीनं हालचाल कमी करतं. घरचेही म्हणतात, "बस एका जागी, आम्ही देतो आणून." मायेनंच म्हणतात. पण बसून बसून पाय आणखी वाळतात, आणि पुढच्या वेळी मोरीपर्यंतही धड जाता येत नाही. सूनबाई, लेकी, तुम्हाला एवढंच सांगणं आहे: पाण्याचा तांब्या हातात देण्यापेक्षा त्यांच्यासोबत माठापर्यंत चाला. काठी लागत असेल तर लाजू देऊ नका, आणि ती त्यांच्या मनगटाच्या उंचीची कापून घ्या. अंगणातली कुठलीतरी लांब काठी उचलून दिली तर खांदाच दुखतो.

## किती दिवस करायचं?

सोडायचं नाही, हे खरं उत्तर. आठवड्याला तीन दिवस तरी. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि बंद केलं की कमावलेलं हळूहळू जातं. काळ्या रानात एक वर्ष पाळी घातली नाही तर कुंदा कसा माजतो ते शेतकऱ्याला सांगायला नको.

आत्याचे आकडे आता बारा भरतात. चौदा करायचे म्हणते.

## पडलंच तर

घाईनं उठू नका. आधी पडल्यापडल्या अंग चाचपा. एक पाय आखूड दिसतोय, पंजा बाहेर वळलाय, त्यावर भार देता येत नाही, अशी लक्षणं असतील तर खुबा मोडलेला असू शकतो. उठवू नका, चोळू नका, हाड बसवणाऱ्याकडं नेऊ नका. १०८ ला फोन करून दवाखान्यात न्या. असं ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावं लागतं. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर वरून काही दिसत नसलं तरी दवाखाना.

काही मोडलं नसेल तर उठायची एक रीत आहे, ती धडधाकट असतानाच वाकळेवर चार वेळा करून ठेवा. कुशीवर वळा. कोपराचा आधार घेत हात आणि गुडघ्यांवर या, लहान पोर रांगतं तसं. रांगत ओट्याच्या पायरीपाशी किंवा जड पेटीपाशी जा. दोन्ही हात तिच्यावर टेका, जो पाय जास्त पक्का तो पुढं घ्या, आणि हात-पाय मिळून जोर लावा. उठल्यावर लगेच चालू नका, तिथंच बसा, दम घ्या.

उठताच येत नसेल तर पायांची बोटं हलवत राहा, हाताला लागेल ती चादर अंगावर ओढा, आवाज द्या. म्हणून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा फोन कोनाड्यात नको, पोलक्याच्या किंवा बंडीच्या खिशात हवा. त्यात शेजारच्यांचा नंबर पहिला, मग पोराचा, मग वृद्धांसाठीची देशभरची हेल्पलाईन १४५६७. ऊसतोडीला जायच्या आदल्या दिवशी लेकानं हे तिन्ही नंबर स्वतः टाकून द्यावेत आणि आईकडून एकदा लावून घ्यावेत.